चुकून खणलेले तांबडे बटाटे

मुलांनो, असं धुकं मनात आणा, की आपल्याच हातातल्या फावड्याचं टोक दिसू नये. आमच्या आयर्लंडातल्या मेयो परगण्यात शरद सरता सरता असंच धुकं पडतं. त्या सकाळी उना नावाच्या पोरीच्या घरचे सगळे बटाटे अजून जमिनीतच होते. हिवाळ्यात दुसरं खायला काही नव्हतं, आणि कडाक्याची थंडी पडली की बटाटे सडणार. खणणार कोण? जमीनदारानं खंड कमी करावा, असं भर सभेत बोलला म्हणून उनाचा बाप तुरुंगात होता.

पण कुणाचं अडलं की सगळ्या गावानं फावडी घेऊन जायचं, ही आमची रीत. उजाडताच माणसं हजर! पुढे व्हायोलिन वाजवत म्हातारा फेस्टी.

"फेस्टीबाबा, तुमचं फावडं कुठाय?" उनानं विचारलं.

"मी खणलं तर वाजवणार कोण? वाजवल्याशिवाय यांचे हात हलत नाहीत, पोरी!"

मग काय, पैजा लागल्या. या टोकाचे त्या टोकाच्यांना चिडवू लागले. पोरं टोपल्या भरू लागली. दुपारी धुकं विरलं आणि सगळे जागच्या जागी थांबले. मधला दगडी बांध एका ठिकाणी पडला होता. त्या खिंडारातून अर्धे लोक थेट पलीकडच्या शेतात खणत गेले होते. ते शेत जमीनदाराच्या कारभाऱ्याचं, हार्विल साहेबाचं!

त्याच्यावर तर गावाचा बहिष्कार. त्याची दाढीसुद्धा कुणी करत नव्हतं.

"अरे देवा, आपण हार्विलचं काम केलं!"

"आणि तेही फुकट! माझी बायको मला घरात घेणार नाही."

हसता हसता उनाच्या आईकडे लक्ष गेलं. तिचा चेहरा पडला होता. साहेबाचे बटाटे तिच्या टोपल्यांत सापडले, तर चोरी म्हणून तिलाही धरून नेतील.

"आई, त्याचे तांबडे, आपले पांढरे!" उना ओरडली. "निवडता येतील!"

पोरांनी टोपल्या उलट्या केल्या. मोठ्यांनी तांबडे बटाटे परत मातीत पुरायला घेतले. शेवटची माती सारखी करतात न करतात, तोच हार्विल साहेब शिपायाला घेऊन आला.

"काय चाललंय?"

"चुकून तुमचे निघाले, साहेब. जिथल्या तिथे ठेवतोय," फेस्टी म्हणाला.

"अहो, मग वरच राहू द्यायचे ना!"

"छे! दुसऱ्याचं असं उघड्यावर कसं टाकायचं?"

शिपायानं टोपल्या पाहिल्या. सगळे पांढरे. त्यानं मिशीवर हात ठेवून हसू दाबलं. "साहेब, पुरून ठेवण्याला चोरी म्हणत नाहीत."

इतक्यात उनाच्या ओच्यातून एक तांबडा बटाटा गडगडत साहेबाच्या बुटांपाशी गेला.

"दे इकडे," साहेबानं हात पुढे केला.

उनानं बटाटा उचलला, स्कर्टला पुसला. मग खिंडारातून पलीकडे जाऊन टाचेनं खळगा केला, बटाटा आत ठेवला, वर माती लोटली आणि फेस्टीकडे वळून म्हणाली, "बाबा, वाजवा की!" आणि त्याच मातीवर ती नाचू लागली.