पुढाऱ्याचं कारंजं

कारंजं म्हटलं की पाणी उडायला पाहिजे. पुढाऱ्याच्या दारातलं कारंजं एकदाच उडालं, उद्घाटनाच्या दिवशी, आणि त्याच संध्याकाळी त्याचा पंप जळाला. तेव्हापासून त्या निळ्या लोखंडी हौदात नुसतं पाणी साचून होतं. ते जरा खाली गेलं की पुढारी गड्याकडून बादल्या ओतून घ्यायचा. हौद कोरडा दिसला तर गावाची शोभा जाते म्हणे. गावाची कसली डोंबलाची शोभा? शोभा ह्याच्या मिशीची.

लोहारणीची भट्टी बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडं. तापाची साथ आली ती आधी ह्याच गल्लीत. तिचा मुलगा डेंगीनं आडवा झाला, दवाखान्यातून परत आला तो नुसता हाडांचा सापळा होऊन. आणि सूनबाईला सातवा लागलेला. नर्सबाई घरोघर फिरत आली, हौदात वाकली आणि तिनं वळवळणाऱ्या अळ्या सगळ्यांना दाखवल्या. हे डास साचलेल्या चांगल्या पाण्यातच होतात, आजच्या आज उपसा, म्हणाली. ह्या पोरीला ताप चढला तर दोन्ही जीव धोक्यात.

पुढाऱ्यानं ऐकून घेतलं, तेही उपकार केल्यासारखं. डास गटारात होतात, आपल्या दारात नाही, असं त्याचं म्हणणं. शिवाय पुढच्या महिन्यात मोठे साहेब कारंजं बघायला यायचे होते. हौद उपसायच्या ऐवजी त्यानं धुराचं यंत्र मागवलं, खांद्याला लावून फोटो काढून घेतला आणि गल्लीभर धूर सोडला. भट्टीवाल्या घरात तर इतका, की सूनबाई खोकून खोकून बेजार झाली. हौदापाशी आल्यावर मात्र यंत्र बंद. धुरानं रंग काळा पडतो ना! असली अक्कल घेऊन हा गाव चालवत होता.

दोन दिवसांनी भर दुपारी सूनबाई भिंतीला टेकून बसली होती. हळूच म्हणाली, "आई, अंग गरम लागतंय का हो बघा."

लोहारणीनं हातातलं काम टाकलं. तिनं कपाळाला हात लावला, मानेला लावला. ताप नव्हता. भट्टीमागची भिंत तापली होती, तिचीच धग. पण आज नाही, उद्या चढला तर?  लोहारणीनं पदर खोचला, छिन्नी आणि घण घेतला आणि रस्ता ओलांडला.

हौदाला पाणी सोडायला भोकच ठेवलेलं नव्हतं, बनवणाराही पुढाऱ्याच्याच लायकीचा. तिनं तळाशी छिन्नी धरली आणि तीन घाव घातले. पत्रा कसला, पापुद्राच. सगळं पाणी अळ्यांसकट तापलेल्या रस्त्यावर पसरलं आणि बघता बघता आटलं.

पुढारी जेवता जेवता उष्ट्या हातानं बाहेर आला. कुणी केलं हे, म्हणून गरजला. 

"मी केलं, भाऊजी," लोहारीण म्हणाली. "माझ्या सुनेपेक्षा तुमचा हौद मोठा नाही."

त्यानं पोलिसांची धमकी दिली, नंतर दुसरीकडून लोहार आणायची. एवढ्याशा भोकासाठी कोण येतंय? शेवटी साहेबांचं येणं तोंडावर आलं, तेव्हा स्वतः भट्टीवर येऊन उभा राहिला. वहिनी, वहिनी करायला लागला. एरवी ह्याच बाईला 'ए' म्हणून हाक मारायचा. लोहारणीनं नाही म्हटलं नाही. बुजवून देते म्हणाली, पण सुगीचे दिवस, विळ्यांचा ढीग पडलाय.

साहेब आले, कोरडा हौद बघून गेले. सूनबाई सुखरूप मोकळी झाली. भट्टीपासून लांब, मच्छरदाणीत, नात झोपलेली असायची. पुढारी अजून येतो, दारात उभा राहून विचारतो, "वहिनी, आमचं कधी?"

लोहारीण मान वर करत नाही. विळा उलटा करते, घाव घालते.

"रांगेत आहे की, भाऊजी. तुमच्या पुढं अजून गाव आहे."