वारसाचा रकाना

बत्तीस वर्षं ज्या माणसाचे धुराने काळवंडलेले कपडे धुतले, त्याने आपल्या माघारी पेन्शन कुणाला मिळावी या रकान्यात दुसऱ्याच कुणाचं नाव लिहून ठेवावं, आणि ते बायकोला धुवायच्या सदऱ्याच्या खिशातून कळावं, याला काय म्हणायचं ते वहिनींना सुचेना. वहिनींना शब्द न सुचणं ही त्या घरात पहिलीच वेळ होती. दोन्ही सुना स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून वाट बघत होत्या, की आता सुचेल, मग सुचेल.

चिठ्ठी धाकटीने वाचून दाखवली होती. अग्निशमन दलाच्या पेन्शन फंडाची होती. आपण महिनाअखेरीस निवृत्त होत आहात, आपल्या नोंदीप्रमाणे वारस अमुक, नाते सहकारी, बदल असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावे. अमुक म्हणजे मौनी. नवऱ्याच्याच बंबावरचा माणूस. बोलायला शब्दागणिक भाडं पडतं अशा हिशेबाने बोलायचा, म्हणून हे नाव पडलेलं.

नवरा अंघोळीहून आला तेव्हा वहिनींना शब्द सुचले होते. ते सगळे त्याने डोकं पुसता पुसता ऐकून घेतले आणि बघू म्हणाला. या माणसाच्या 'बघू'वर वहिनींची दोन बाळंतपणं आणि एका घराचं छप्पर निघून गेलं होतं. त्यातून त्याच्या छातीत इतक्या वर्षांचा धूर साठलेला. जिना चढला तरी भात्यासारखा आवाज यायचा. उद्या काही बरंवाईट झालं तर आपण काय मौनीच्या दारात ताट घेऊन उभं राहायचं? बंबावरच्या सगळ्या माणसांच्या त्या वहिनी, आजवर कुणापुढे हात पसरला नव्हता. पोटच्या पोरांपुढेही नाही.

गुरुवारी त्या स्वतःच फंडाच्या खोलीत गेल्या. खोली बंबांच्या गॅरेजवर, लोखंडी जिन्याने चढून जायची. फंडाचा कारकून पूर्वी तिथेच टेलिफोनवर होता. अजूनही घंटा अर्धी वाजायच्या आत रिसीव्हर उचलायचा, जणू पलीकडे कुणाचं घर पेटलं आहे. पलीकडे असायचा एखादा पेन्शनर, चष्मा हरवला म्हणून सांगणारा. कारकुनाच्या मते पेन्शनर दोनच जातींचे, पत्ता बदलला की कळवणारे आणि मेले तरी न कळवणारे.

त्याने वहिनींना खुर्ची दिली आणि कपाटातून दोन फायली काढल्या. एकाच दोरीने बांधलेल्या. एक नवऱ्याची, एक मौनीची. मग घसा साफ करून त्याने जुनी गोष्ट सांगितली. हे लोक भरती झाले तेव्हा सगळे बिनलग्नाचे. वारसाचा रकाना कोरा ठेवता येत नाही. तेव्हाचा अधिकारी म्हणाला, नळीच्या तोंडाशी जो उभा राहील त्याने मागच्याचं नाव लिहायचं, मागच्याने पुढच्याचं. हा मेला तर पैसे तुला मिळणार, आणि याला आगीतून मागे ओढायचंही तुलाच आहे. बघू कोण सोडतो ते.

"आणि सोडलं कुणी?" वहिनींनी विचारलं.

"एकानेही नाही. पुढे लग्नं झाली तशी बहुतेकांनी नावं बदलली. तुमच्याकडे मी दर पाच वर्षांनी चिठ्ठी पाठवतो, वहिनी. दर वेळी उत्तर येतं, बदल नाही."

तेवढ्यात टेलिफोन वाजला आणि कारकून झेपावला. वहिनींनी दोरी सोडली. शाळा त्यांनी दोनच इयत्ता बघितली होती. वाचता यायचं ते स्वतःचं नाव, बसचा नंबर, आणि एक शब्द, जो आजवर प्रत्येक कागदावर त्यांच्या सहीखाली असायचा. खालच्या फायलीत, मौनीच्या कागदावर, नात्याच्या रकान्यात नेमका तोच शब्द होता. पत्नी.

कारकून रिसीव्हर ठेवून वळला तर वहिनींचं बोट त्या शब्दावर. तो खुर्चीत बसला तो पिशवीतले बटाटे ओतावेत तसा. मग म्हणाला, एकोणतीस वर्षं झाली. मौनी त्याच्या लग्नानंतर आठव्या दिवशी आला होता. नाव बदलून गेला आणि म्हणाला, त्याला सांगू नका.

म्हणजे एकाने तीस वर्षं वेड्यासारखं नाव धरून ठेवलं, आणि दुसऱ्याने हात केव्हाच मोकळे करून घेतले होते. वहिनींना आधी हसू आलं. मग वाटलं, धावत घरी जावं आणि हे नवऱ्याच्या पुढ्यात टाकावं. असलं हत्यार बाईच्या हाती जन्मात एकदाच लागतं. आणि मौनीला तरी काय बोलणार? बायकोवाल्या माणसाने करायचं तेच त्याने केलं होतं. शहाणा माणूस. फक्त आगीत आपल्या मागे कोण हवं असं कुणी विचारलं असतं, तर वहिनींनी शहाण्याचं नाव घेतलं नसतं.

"बांधा ती दोरी," त्या म्हणाल्या, आणि जिना उतरल्या.

त्या दिवशी घरात त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. थोरलीने पाणी द्यायच्या निमित्ताने त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

शुक्रवारी नवरा फंडाच्या खोलीत आला तो मौनीला बरोबर घेऊन. वहिनी आधीच येऊन बसल्या होत्या. मौनीने टेबलावरच्या त्या दोन फायली बघितल्या, सैल झालेली दोरी बघितली, मग वहिनींकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले. माणूस बोलत नसला की त्याचे कान बोलतात. कारकून पेनचं टोपण लावत होता, काढत होता.

नवऱ्याने घरून भाषण तयार करून आणलं होतं. कापसाच्या गोदामाची जमीन खचली, हा कमरेपर्यंत आत गेला, नळीला लोंबकळत राहिला, मी वीस मिनिटं ती नळी धरून होतो. खांदा निखळला. सोडली असती तर याचे पैसे मला मिळाले असते. आता याच्या तोंडावर याचं नाव खोडू? मला नाही जमायचं. बायकोला उपाशी ठेवणार नाही, हा बघेल तिच्याकडे, मला खात्री आहे.

"खोड," मौनी म्हणाला.

"तू गप्प बस," नवरा म्हणाला. मौनीला गप्प बस म्हणणारा जगातला तो पहिलाच माणूस असावा.

मौनीने पुन्हा तोंड उघडलं. "मी तुला एक..." एवढं बोलून तो थांबला. पुढचं वाक्य कुठल्या बाजूने बाहेर काढावं ते त्याला कळत नव्हतं. वहिनींना मात्र ते वाक्य कळलं होतं. नवऱ्याच्या डाव्या खांद्याकडे त्यांची नजर गेली. तो हात गोदामानंतर कधी वाळवणाच्या दोरीपर्यंत पोचला नाही, म्हणून कपडे वाळतसुद्धा त्याच घालत आल्या होत्या. वीस मिनिटं धरून ठेवल्याचं एवढंच काय ते त्याच्याकडे उरलं होतं, तो खांदा आणि हा कागद.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तीस वर्षं बोलला नाहीत, आजच कशाला सुरुवात करता?"

मग कारकुनाकडे वळून त्यांनी विचारलं, त्या रकान्यात किती नावं मावतात. तो म्हणाला, कितीही, पण वाट्यांची बेरीज शंभर टक्के झाली पाहिजे.

"मग नव्याण्णव माझे लिहा. एक भाऊजींचा. कुणाचं काही खोडायला नको."

नवऱ्याने थोडा वेळ विचार केला. त्यातून हरकत घ्यायला काही सापडेना तेव्हा त्याने सही केली. वहिनींनीही केली, एकेक अक्षर कोरून, आणि त्यांच्या नावाखाली त्यांच्या ओळखीचा तो शब्द आपल्या जागी आला. मौनी खिडकीबाहेर बघत होता. बाहेर भिंत होती. कारकुनाने दोन्ही फायली एकावर एक ठेवल्या आणि पूर्वीच्याच दोरीने बांधल्या, या वेळी दोन गाठी मारून.

जिना उतरताना नवरा पुढे होता, गुडघे धरत, मध्ये मध्ये दम खात. त्याच्या मागे मौनी. त्याने नवऱ्याचा सदरा पाठीमागून मुठीत धरला होता, आणि शेवटची पायरी संपून जमीन लागली तरी तो सोडायचं त्याला भान नव्हतं. मग सोडला, वहिनींसमोर मान जरा खाली केली, आणि चालू लागला.

नवरा फाटकाशी उभा राहून तो दिसेनासा होईपर्यंत बघत होता. छाती भात्यासारखी वाजत होती, पण फुगलेली होती. म्हणाला, बघितलंस, याला म्हणतात माणूस. आज त्याची फाईल काढून बघ, वारस म्हणून अजून माझंच नाव सापडेल.

वहिनींनी पदर नीट केला. त्याच्या डाव्या बाजूला गेल्या आणि वर न जाणारा तो हात आपल्या हातात घेतला.

"अहो, तुमच्यासारखा बावळट माणूस मी जन्मात दुसरा बघितला नाही," त्या म्हणाल्या. "आणि दुसरा बघायचाही नाही."