कपच्यांची रेघ

"नेल्सी, सोड. आता तो त्याचा झाला," तात म्हणाले.

हातभर लांबीचा इग्वाना सरडा आमचा शेवटचा तमाल, मक्याच्या पिठाचा वाफवलेला उंडा, केळीच्या पानासकट ओढत दगडांच्या फटीत शिरला होता आणि माझी चार वर्षांची लेक त्याच्या शेपटीशी भांडत होती. सकाळपासून असंच चाललं होतं. आमच्या चेमाश गावाहून येताना गाडीचं टायर बसलं, मग माझ्या चपलेचा अंगठा तुटला, आणि खाली किनाऱ्यावर पाहावं तर गुडघाभर तपकिरी शेवाळ. मी वैतागले होते. माझ्या वडिलांना, तातांना, त्याचं काही नव्हतं. ते भिंत बघायला आले होते.

एकतीस वर्षं ते समुद्राकाठच्या या जुन्या शहराच्या अवशेषांवर गवंडी होते. पूर्वजांच्या पडलेल्या भिंती उभ्या करायच्या. कामगारांच्या फाटकातून आत, त्याच फाटकातून बाहेर. खालच्या वाळूत त्यांनी कधी पाय ठेवला नाही. आता चुन्यानं म्हणा, वयानं म्हणा, डोळे चालले आहेत. डॉक्टर म्हणाले, पावसाळ्यापर्यंत जेमतेम. म्हणून हा रविवार.

नवं बांधलेलं जुन्यापासून ओळखू यावं म्हणून हे गवंडी दोहोंच्या सांध्यात दगडाच्या बारीक कपच्या ओळीनं बसवतात. येणाऱ्याजाणाऱ्यांना ती रेघ दिसत नाही. मला तातांनी लहानपणीच शिकवली होती: खाली त्यांचं, वर आपलं. त्यांचं श्रेय आपण घ्यायचं नाही, आणि आपल्या चुका त्यांच्यावर ढकलायच्या नाहीत.

पण आता भिंतीच्या चार पावलं अलीकडे दोर बांधला होता. तेवढ्या अंतरावरून तातांना नुसता करडा ढग दिसला.

"आहे का गं?"

"आहे, तात. छातीइतक्या उंचीवर."

त्यांनी टोपी माझ्या हातात दिली आणि दोराखालून वाकून आत गेले. बोटं दगडांवरून सरकली, एका जागी थांबली, मग आडवी चालू लागली.

शिट्टी वाजली. पहारेकरी माझ्याहून लहान होता, गणवेशाची घडीही मोडली नव्हती.

"आजोबा, दोर काय शोभेला बांधलाय? सातशे वर्षांची भिंत आहे ती. सगळेच हात लावायला लागले तर उरेल का?"

तातांचा हात तेव्हा रेघेच्या वर होता. ते दगड त्यांनी बसवले तेव्हा मी रांगत होते. मी सांगायला लागले; त्यांनी मान हलवून मला गप्प केलं.

"चुकलं, साहेब," ते म्हणाले. मग दगडावरून हात काढत, "सातशे का?"

"जास्तच असतील."

"बरं."

दोराबाहेर येऊन त्यांनी ढिला झालेला दोर नीट ताणून दिला. किनाऱ्याच्या पायऱ्या उतरताना एवढंच म्हणाले, "सांधा बरा बसलाय."

खाली शेवाळ टाळून नेल्सीनं वाळूची भिंत घातली. एका लाटेनं अर्धी नेली. ती रडायच्या आत तात पँट दुमडून तिच्याशेजारी बसले, ओली वाळू थापून पडलेली बाजू उभी केली आणि सांध्यात शिंपल्यांचे तुकडे एकेक करून दाबले.

"हे कशाला, आजोबा?"

"इकडचं तुझं. तिकडचं माझं."

पुढची लाट कुठवर आली आहे, ते त्यांना दिसत नव्हतं. मी सांगितलं नाही.