फुईचं आजारपण

मुलांनो, तुम्हाला एका शहरात न्यायचं आहे. डोळे मिटा म्हणणार होतो, पण मिटलेल्या डोळ्यांनी वाचता येत नाही, तेव्हा उघडेच ठेवा. समोर दगडी फरसबंदीचा मोठा चौक आहे. मे महिना आहे, तरी सकाळच्या थंडीनं अंगात स्वेटर आहे. मनोऱ्यावर सहाशे वर्षांचं जुनं घड्याळ आहे. तास भरला की हाडांचा सापळा घंटा हलवतो, वरच्या दोन खिडक्या उघडतात आणि बारा लाकडी संत एकामागून एक डोकावून जातात. शेवटी कोंबडा आरवतो. खाली माणसं माना वर करून उभी आहेत. त्यांत एक बाई एकटी आहे. तिच्या हातात चित्रांची वही आहे आणि तिला कुठलीही घाई नाही.

ते शहर प्राग. ती बाई मेघा. धुळ्याच्या एका शाळेत ती चित्रकला शिकवते. तिचा थोरला भाऊ प्रेमराज पारोळ्याजवळच्या खेड्यात कापूस पिकवतो. त्याची दहा वर्षांची मुलगी दिपमाला मेघाला फुई म्हणते. आपल्याकडे आत्याला फुईच म्हणतात.

जाण्याआधी मेघानं भावाला फोन केला होता, तेव्हा दिपमाला वडिलांच्या शेजारीच बसली होती.

"कोणासंगे चालनी?" प्रेमराजनं विचारलं.

"एकटीच."

"तठे काय काम शे?"

"काम काही नाही, भाऊ. बघायला."

 प्रेमराजनं फोन ठेवून दिला.

सुट्टी लागली तरी बहीण माहेरी का आली नाही, असं गावात लोक विचारू लागले. बाईमाणूस एकटं, नुसतं फिरायला परदेशात गेलं हे सांगायला त्याची जीभ रेटेना. तो म्हणाला, "मुंबईले शे. पोटमा गाठ व्हती, काढाले गई." दिपमालानं ते ऐकलं. तिला वाटलं, फुई आली की सगळं नीट सांगेल.

आठ दिवस प्रागमध्ये पायी फिरून मेघा भावाच्या घरी आली. उन्हानं रापली होती, अंगानं थोडी उतरली होती आणि त्या दगडी रस्त्यांनी टाचांना फोड आल्यामुळे लंगडत होती. उंबऱ्यातच प्रेमराजनं तिला सगळं सांगितलं.

"मी आजारी? भाऊ, मी इतकी बरी कधीच नव्हते."

"गावमा मना शब्द शे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आते माले खोटा पाडशी का?"

मेघानं त्याच्याकडे पाहिलं. मग पुढच्या खोलीत तिच्यासाठी घातलेल्या खाटेवर जाऊन बसली.

दोन दिवस माणसं भेटायला येत राहिली. कुणी शहाळं आणलं, कुणी मोसंबी, कुणी बिस्किटांचा पुडा. किती वाळली, किती काळवंडली, असं जो तो म्हणे. फुईच्या लंगडण्यानं तर गावाला खात्रीच पटली. प्रेमराज प्रत्येकाला सांगे, "जास्त बोलानं नही तिले." आणि ती खरोखरच बोलत नव्हती.

दुपारी दार लावून तिनं दिपमालाला वही दाखवली. घड्याळ, नदी, पूल, पुलावरचे पुतळे. "या एका पुतळ्याखालचा धातूचा पत्रा बघ, लोकांनी हात लावून लावून चकाकतोय. हात लावला की माणूस तिथं परत येतो म्हणतात. मी दोनदा लावला. एकदा तुझ्या नावानं."

"मग मी जाईन?"

"जाशील. पण हे बाहेर बोलू नकोस." एवढं बोलून फुईनं वही उशाखाली सारली.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या धुरपदाबाई आल्या. शहाळं ठेवून त्या खाटेला टेकून बसल्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. प्रेमराज पाणी आणायला आत गेलेला पाहून त्या मेघाकडे सरकल्या.

"मेघा, माले बी पोटमा दुखस. दोन महिना व्हई ग्यात. घरमा कोणले सांगं नही. तू चांगली व्हई गई ना, तर तुना डॉक्टरना पत्ता दे माय. तठेच जासू."

मेघाचा चेहरा पडला. तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात प्रेमराज तांब्या घेऊन दारात आला. त्यानं शेवटचं वाक्य ऐकलं होतं. तो बहिणीकडे पाहत राहिला.

"देते," मेघा म्हणाली. "शोधून देते."

दिपमाला कोपऱ्यात मोसंबी सोलत होती. तिचे हात थांबले. मुंबईत कुठला डॉक्टर नव्हता हे त्या खोलीत तिघांना माहीत होतं. चौथी तो पत्ता पदराला बांधून मुंबईला जाणार होती. दिपमाला वडिलांना घाबरत होती, आणि त्यांच्याकडेच पाहत होती. मग तिनं फुईकडे पाहिलं. फुई शहाळ्याकडे बघत होती.

दिपमालानं मोसंबी खाली ठेवली. हात फ्रॉकला पुसले. ती खाटेपाशी गेली, फुईच्या उशाखालून वही ओढून काढली आणि घड्याळाचं पान उघडून धुरपदाबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"काकू," ती चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "फुई मुंबईले नही, आठे गयथी."