मेलिनी बंदराचा लोहमार्ग

मंगळवार, १४ मार्च २०२३, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. अर्जाच्या एकशे बारा रकान्यांपैकी एकशे अकरा भरून झाले होते. मेलिनी या ग्रीक बेटाचे बंदर-अभियंता स्तामातिस अडले होते ते 'बंदराला जोडलेल्या लोहमार्गाची लांबी' या रकान्यावर. संगणक शून्य स्वीकारीत नव्हता आणि मुदत दुपारी संपत होती. युरोपीय वाहतूक-जाळ्याच्या निधीतून धक्का वाढला नाही, तर हिवाळ्यात फेरीबोट बेटाला लागणार नव्हती.

"बेटावर रेल्वे कुठून आणू, एव्दोकियाबाई?"

"बंद खाणीचे रूळ आहेत की धक्क्यापर्यंत, साहेब!" कारकूनबाई म्हणाल्या. "तिथल्या मालाच्या वाघिणीवर तुमच्याच घरचे ऑक्टोपस वाळतायत."

"ती शेवटची ढकलली माझ्या आजोबांनी!"

"लांबी विचारलीय, आजोबा नाही."

स्तामातिसांनी वाघीण ऑक्टोपसांसकट बाजूला सारली, फितीने रूळ मोजले आणि 'खाणीचा जुना मार्ग, गाडी हाताने ढकलावी लागते' अशी प्रामाणिक टीपही जोडली.

नोव्हेंबरात ब्रुसेल्सहून मंजुरी आली. धक्क्याची वाढ: ऐंशी मीटर. लोहमार्गाचे विद्युतीकरण: तीनशे चाळीस मीटर.