उपाय घेऊनच या

शेवटच्या साध्या दिवशी आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती आणि बाहेरच्या खोलीत बाबा रिकाम्या खुर्च्यांपुढे उभे राहून पलटणीच्या प्रमुखांच्या चुका सांगत होते.

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी सैन्याच्या प्रशिक्षण शाळेने त्यांना आठवणीने बोलावलं होतं. लवकरच स्वतःची पलटण हाती येणार अशा अधिकाऱ्यांपुढे बोलायचं होतं. विषय बाबांनीच निवडला होता : प्रमुख कुठे चुकतो. आठवडाभर तालीम चालली होती. त्यांचा आवाज भिंतीतून गाळल्यासारखा येत होता, खोल पाण्याखाली कुणी बोलावं तसा. दुपारचं ऊन जमिनीवर पसरलं होतं आणि पडदा झोपेतल्या माणसासारखा श्वास घेत होता.

"एक. हाताखालच्यांची कामं स्वतःच करत बसणं," भिंतीपलीकडून आवाज आला.

आई मान वर न करता म्हणाली, "काल मी कपडे वाळत घालत होते, तर चिमटा कसा लावायचा ते शिकवून गेले."

मुलगी ओठ दाबून हसली. चार दिवसांची सुट्टी काढून ती माहेरी आली होती.

"दोन. मर्जीतली माणसं बाळगणं."

"हे मात्र त्यांच्या हातून कधी झालं नाही हो," आई म्हणाली. "मर्जी कुणावर बसली तर ना."

मग तिचा हात थांबला. अर्धवट उघडलेली शेंग बोटांत तशीच राहिली आणि दुसरा तळवा गळ्याखाली टेकला. ती खिडकीबाहेर कुठेतरी पाहत होती, कुणी लांबून हाक मारतंय आणि ओ द्यावी की नाही ते ठरत नाहीये, अशी.

"काय होतंय गं?"

"काही नाही. जिना चढून आल्यासारखा दम लागतो, बसल्या जागी. होतंय चार-सहा दिवस."

"बाबांना सांगितलंस?"

"भाषण होऊ दे त्यांचं."

"मग मी सांगते."

"अगं, बस खाली," आई म्हणाली, पण तोवर ती उठली होती.

बाबा खिडकीला पाठ करून उभे होते. मागून उजेड येत होता, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. नुसत्या केसांच्या कडा उजळल्या होत्या.

"बाबा, आईला जरा—"

त्यांनी तळवा वर केला. "कॅप्टन, अडचण आणलीयस का?" लहानपणापासून ते तिला कॅप्टन म्हणत. पन्नाशी जवळ आली तरी पोरीला बढती नाही, असं आई म्हणायची. "आणि उपाय? तो आणलायस सोबत?"

ते हसतच म्हणाले होते. हा त्यांचा नियम साऱ्या पलटणीला पाठ होता. अडचण घेऊन येणाऱ्याने उपाय घेऊनच यायचं, नाहीतर उंबऱ्यावरूनच मागे फिरायचं. या नियमाने किती अधिकारी घडले, असं लोक सांगत. घरातही तोच होता. गळका नळ, गणितातले मार्क, ताप, सगळं आधी कुठेतरी निस्तरायचं आणि मग बाबांच्या कानावर घालायचं. जे निस्तरत नसे ते त्यांच्या कानापर्यंत जातच नसे.

"काही नाही हो," स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "चहाचं विचारायला आलीय ती."

आणि कॅप्टन म्हणाली, "चहा घेणार का?"

"अर्धा कप," बाबा म्हणाले, आणि पुन्हा खुर्च्यांकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला परस्पर डॉक्टरांकडे न्यायचं असं तिने ठरवलं. आईही कुरकुर न करता तयार झाली. दारातल्या खुर्चीवर बसून ती पायात चपला सरकवत होती. एक सरकवली. दुसरी तशीच राहिली.

त्यानंतरचे दिवस दिवसांसारखे नव्हते. सकाळ कधी झाली आणि दुपार कधी, ते कळत नसे. मुलीने सुट्टी वाढवली. दुपारी पडल्या पडल्या तिचा डोळा लागे आणि तेच स्वप्न पडे. बाबांच्या जुन्या ऑफिसबाहेरचा लांबलचक व्हरांडा, धुक्यात बुडालेला. भिंतीला लागून जवानांची रांग, आणि रांगेत आई. हातात झाकलेलं भांडं. रांग आवाज न करता पुढे सरके. आईचा नंबर आला की ती बाजूला होई आणि मागच्याला म्हणे, तुम्ही जा, मला घाई नाही. भांड्यात काय आहे ते कधीच दिसत नसे. जाग आली की उशीला धुक्याचा गारवा लागल्यासारखा वाटे.

माणसं सांत्वनाला येत. बाबा ताठ बसून सगळ्यांना एकच सांगत. "एका शब्दाने बोलली नाही. शेवटपर्यंत तक्रार म्हणून नाही. फार सोशिक." हे सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान येई, एखाद्या जवानाची शिफारस करावी तसा. मुलगी चहाचे कप उचलून आत जाई, कारण तिथे उभं राहिलं तर आपल्या तोंडून काहीतरी निघून जाईल असं तिला वाटे.

एकदा बाबांच्या हाताखाली काम केलेले मेजरकाका आले. बाबा आंघोळीला गेले होते.

"तुला गंमत सांगतो," काका म्हणाले. "साहेबांकडे थेट जायची कुणाची हिंमत नव्हती. मग आम्ही आधी मागच्या दाराने वहिनींकडे. आज जाऊ का? विचारलं की वहिनी सांगणार, आज नको, आज साहेबांचे बूट फारच चमकतायत, म्हणजे स्वारी कडक आहे. उद्या या, आणि येताना उपाय म्हणून काहीतरी घेऊन या, खोटा असला तरी चालेल." ते पोट धरून हसले. "अगं, निम्मे उपाय वहिनींनीच सुचवलेले. साहेबांना अजून पत्ता नाही."

मग त्यांचं हसू हळूहळू विरलं. साखर विरघळून गेली तरी ते चहा ढवळत राहिले.

त्याच आठवड्यात प्रशिक्षण शाळेतून फोन आला. भाषण पुढे ढकललं होतं, आता सोमवारी जमेल का? बाबा लगेच हो म्हणाले. दुपारी त्यांनी आईची खुर्ची बाहेरच्या खोलीत आणून मधोमध ठेवली.

"कॅप्टन, बस. तुझी आई ऐकायची आणि कसं झालं ते सांगायची."

आई दर वेळी छान म्हणायची. मुलगी बसली. हाही शब्द सोपाच होता. तो एकदा म्हटला की बाबा सोमवारी इस्त्रीचा कोट घालून जातील, टाळ्या होतील, आणि आई कायमची सोशिक होऊन जाईल.

ते बोलत होते आणि खोलीत ऊन तरंगत होतं. शब्द येत होते आणि धुळीच्या कणांसारखे हळूहळू खाली बसत होते. दुसऱ्याचं श्रेय लाटणं. मर्जीतली माणसं. मग ते थांबून एक पाऊल पुढे आले.

"आणि सर्वांत मोठी चूक. वाईट बातमी आणणाऱ्यावर डाफरणं. माझ्या ओळखीचा एक प्रमुख होता. नदीला पाणी चढतंय हे त्याच्या ड्रायव्हरला दिसत होतं, पण साहेब ओरडतील म्हणून तो बोलला नाही. गाड्या वाहून गेल्या. मी आयुष्यात कुणावर आवाज चढवला नाही. माझं म्हणणं एकच असायचं, उपाय घेऊनच या. माणसं आपोआप तयार झाली." त्यांनी चष्मा काढला. "कसं झालं? काही राहिलं का?"

"हो," मुलगी म्हणाली.

बाबांनी भुवया उंचावल्या.

"त्या दिवशी मी चहाचं विचारायला आले नव्हते."

"कुठल्या दिवशी?"

"आई गेली त्याच्या आदल्या दिवशी. तिला बसल्या जागी दम लागत होता. चार-सहा दिवस लागत होता. ते सांगायला आले होते मी."

बाबांचा हात सवयीने वर आला, तळवा पुढे करून. ती थांबली नाही.

"तुम्ही उपाय विचारलात. माझ्याकडे नव्हता. तिच्याकडेही नव्हता."

हात खाली आला.

"पण मला का नाही सांगितलंत?" ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "घर होतं ते. मी ओरडलो असतो का? कधी ओरडलोय का मी?"

"नाही. ओरडला असतात तरी चाललं असतं. उपाय हाती असता तर तुमच्यापर्यंत यायची गरज काय होती, बाबा? नव्हता, म्हणूनच तर यायचं होतं."

"तिने तरी एक शब्द—"

"तुम्हाला वाटतं ती सोशिक होती," मुलगी म्हणाली. "तुम्हाला वाटतं आम्ही तुम्हाला मान द्यायचो. आम्ही तुम्हाला घाबरायचो, बाबा. आई घाबरायची. मी घाबरायचे. आत्तासुद्धा घाबरतेय."