शेवटच्या रांगेचा पेंटर

"नाक माझंच घ्या," जयतीर्थमास्तर म्हणाले, "पण जरा बारीक करा. प्रभंजनाचं एवढं फताडं नव्हतं."

"तुझं कशाला? त्याचं आत्याच्या वळणाचं होतं की!" कलघटगीहून आलेली त्यांची बहीण कुसुम फणकारली. "तू त्याच्याकडं कधी धड बघितलं तरी होतंस काय रे?"

धारवाडच्या मळमड्डीतल्या त्या घरात दत्तोबा पेंटर सकाळपासून मांडी ठोकून बसला होता. कागदावर तीन नाकं, दोन हनुवट्या आणि भुवयांच्या चार जोड्या झाल्या होत्या. माणूस म्हणाल तर एकही नाही!

ज्याच्यासाठी हा खटाटोप चालला होता तो प्रभंजन, मास्तरांचा धाकटा भाऊ, जाऊन वर्ष होत आलं होतं. जंगलखात्यात कारकून होता, उणापुरा सव्वीस वर्षांचा. फिरतीवर असताना ताप भरला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. मागं फोटो एक नाही. नुसत्या वर्णनावरून काही जमायचं नाही म्हणून गावातल्या फोटोवाल्यांनी हात वर केले. म्हणून वर्षश्राद्धाच्या आत चित्र व्हावं, एवढ्यासाठी मास्तरांनी हुबळीहून दत्तोबाला बोलावून आणलं होतं.

"माझ्यामुळं नाही फोटो," खांबाला टेकून बसलेल्या आई, हेमाक्का, म्हणाल्या. "फोटो काढला की आयुष्य उणं होतं म्हणायचे आमच्यात. शाळेचा फोटो होता त्या दिवशी पोट दुखतंय सांगून घरी बसवून ठेवला मी त्याला. काय मिळवलं?" मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पहाटे उठून आठवायला बसते दत्तोबा. आवाज येतो, चेहरा येईना. विसरायलेय मी त्याला. आई असून विसरायलेय."

दत्तोबानं पेन्सिल खाली ठेवली. चुकीचा चेहरा भिंतीवर चढला, तर ह्या माउलीच्या मनात उरलासुरला खराही पुसला जाईल. आणि ते पाप कुणाच्या माथी? आपल्या!

खरं तर माणसांचे चेहरे हा त्याचा धंदाच नव्हे. बावीस वर्षं त्यानं नाटकमंडळीचे पडदे रंगवले. राजदरबार, अरण्य, नदीकाठ, काय म्हणाल ते. मग बोलपट आले आणि मंडळी बसली. पडदे गेले कवडीमोलानं. परवाच हुबळीच्या कापूसबाजारात एका बैलगाडीवर, गाठींवर घातलेला, त्याला आपला राजदरबार दिसला. सिंहासन नेमकं बैलाच्या शेपटीशी लोंबत होतं. त्याला हसू फुटलं आणि तिथंच डोळेही भरून आले. त्याच बाजारात गाठींवर नंबर घालायचं काम मेव्हण्यानं बघून ठेवलं होतं. एवढी वर्षं घोटलेला हात शेवटी आकडे काढणार, ह्या विचारानं त्याला जेवण जात नव्हतं.

त्यानं सगळी नाकं खोडून टाकली.

"नाक राहू द्या हो. मला सांगा, तो घरात शिरायचा कसा?"

मास्तरांनी कुसुमकडं बघितलं. कुसुमनं आईकडं. हेमाक्कांनी डोळे मिटून आठवून बघितलं.

"मान डावीकडं वाकवून." आवाज स्वयंपाकघराच्या दाराआडून आला. श्यामला, प्रभंजनाची बायको. "उंच होते, चौकट लागायची कपाळाला. आत आलं की तसेच थांबायचे थोडं. एक वहाण काढलेली, एक पायातच. डावा खांदा वर. घरात कोण कुठं आहे ते आधी बघायचे. मग हसायचे."

हेमाक्कांनी वळून दाराकडं बघितलं. वर्षभरात सून एवढं एका दमात बोलली नव्हती. कुणी तिला विचारलंच नव्हतं म्हणा.

दत्तोबानं कागद गुंडाळला. "मिळाला," तो म्हणाला आणि दुपारच्या गाडीनं हुबळीला परतला.

कमरीपेठेतल्या भाड्याच्या खोलीत त्यानं पुरुषभर उंचीचं मांजरपाट ताणलं. एक फटकारा मारायचा, की तडक बाहेर जाऊन गल्लीच्या पलीकडच्या कडेला उभं राहायचं, डोळे बारीक करून बघायचं, परत आत. बारा दिवस हेच. "एका चित्रापायी किती चालता हो?" त्याची बायको मंगला म्हणाली. "एवढ्यात धारवाड गाठलं असतंत पायी!"

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी त्यानं ते चित्र मळमड्डीत आणलं आणि पुढच्या दाराशेजारच्या भिंतीला लावलं. मास्तर चष्मा सावरत वीतभर अंतरावर जाऊन उभे राहिले.

"दत्तोबा, हे काय? डोळे म्हणून दोन काळे फराटे, नि गालाला निळा रंग? निळा?"

"अय्यो," कुसुम पुटपुटली. "मला तर नाकच सापडंना."

दत्तोबा पुढं झाला. खरंच की! जवळून नुसता रंगाचा राडा होता. जन्मभर तो शेवटच्या रांगेत बसणाऱ्यासाठी रंगवत आला होता. तिथून दिसलं की झालं, हीच शिकवण. पण घरातल्या भिंतीला शेवटची रांग कुठली? हे आपल्या टाळक्यात कसं आलं नाही? "चुकलं मास्तर. नेतो परत," म्हणून तो खिळा उपटायला लागला.

तेवढ्यात हेमाक्का परसातून आत आल्या. हातात पाण्याची कळशी. मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत घर सरळ लांब. त्यांनी मान वर केली आणि जागच्या जागी थांबल्या.

"आलास?" त्या म्हणाल्या. रोजच्या आवाजात, उशिरा आलेल्या लेकाला म्हणावं तसं.

दत्तोबाचा हात खिळ्यावरच राहिला.

हेमाक्कांनी कळशी खाली ठेवली आणि त्या चालत आल्या. माजघर ओलांडलं, झोपाळ्याला वळसा घातला, आणि चित्राला हात लावायला म्हणून अगदी पुढ्यात आल्या. तिथं काहीच नव्हतं. काळे, तांबडे, निळे ओघळ. त्यांचा वर केलेला हात तसाच राहिला.

"अक्का, मी चेहरा बारीक करून आणतो," दत्तोबा घाईघाईनं म्हणाला. "आठ दिवस द्या फक्त."

चित्रावरची नजर न काढता हेमाक्का एकेक पाऊल मागं सरकत गेल्या. माजघराच्या मध्यावर थांबल्या. तिथं पुन्हा तो उभा होता, मान वाकवून, घरात कोण कुठं आहे ते बघत.

"हात लावू नका त्याला," हेमाक्का म्हणाल्या. "जवळ गेलं की जातोय. जाणारच की, गेलेलाच आहे तो. इथनं दिसतोय तेवढा साकु, पुरे मला. पुष्कळ झालं." मग मास्तरांना म्हणाल्या, "जया, माझा पाट आण इथं."

पुढं दत्तोबा गाठींवर नंबर घालायला गेलाच नाही. फोटो न ठेवता गेलेल्यांची घरं काय थोडी होती? हुबळीतून, कलघटगीतून, कुठून कुठून निरोप यायचे. दत्तोबा जायचा आणि गेलेल्याची गोष्ट निघायच्या आधीच विचारायचा, "चित्र बघणारं माणूस घरात बसतं कुठं?" मग तिथून भिंतीपर्यंत पावलं मोजायचा. लोक म्हणायचे, पेंटर जरा तऱ्हेवाईकच आहे बुवा! असू दे. आपल्या हाताचं काय करायचं ते त्याला एकदाचं कळलं होतं.

पण ह्या झाल्या नंतरच्या गोष्टी. त्या दिवशी तो निघाला आणि उंबऱ्यात वहाणा घालताना त्यानं सहज मागं वळून बघितलं. हेमाक्का पाटावर बसून चित्राकडं बघत होत्या. त्यांच्या पाठीमागं, लांब स्वयंपाकघराच्या दारात, श्यामला येऊन उभी राहिली होती. दाराआड नव्हे, चांगली दारात. चौकटीला धरून ती सासूच्या डोक्यावरून पलीकडं बघत होती.

पाठीमागं चाहूल लागली तरी हेमाक्कांनी वळून पाहिलं नाही. फक्त पाट जरासा बाजूच्या भिंतीकडं ओढला आणि मधली वाट मोकळी करून दिली.